घास आणि गोष्ट : नातवंडांच्या ताटातले कथानायक

घास आणि गोष्ट यांची जोडी आपल्याकडे फार जुनी आहे. चिमणीच्या नावाचा, कावळ्याच्या नावाचा आणि मग घरातल्या एकेका माणसाच्या नावाचा घास भरवत आपल्या आधीच्या किती पिढ्यांनी मुले वाढवली, याची गणती नाही. त्यामागे कोणी शास्त्र मांडले नव्हते. परंतु लहान मूल कोणाच्या तरी संगतीत आणि कोणासारखे तरी होण्याच्या ओढीने खाते, हे घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांना पुरते ठाऊक होते.

ती ओढ आजच्या मुलांतही तशीच आहे. बदलला आहे तो गोष्ट सांगणारा. आज गोष्ट मोबाइलच्या पडद्यावरून येते आणि त्या गोष्टीतला लाडका नायक दुकानातल्या बिस्किटाच्या, वेफर्सच्या किंवा जेलीच्या वेष्टनावर हसत उभा असतो. मुलाचा हात आपोआप तिकडे जातो आणि ताटातली मेथीची भाजी तशीच राहते. दुपारी आईवडील कामावर असताना हे पाहणारे, समजावणारे आणि अखेर हार मानणारे घरातले माणूस बहुधा आपण, म्हणजे आजी किंवा आजोबा असतो. म्हणूनच हा लेख आपल्यासाठी आहे. कथेतल्या नायकांचा उपयोग करून नातवंडांना साध्या, सकस अन्नाकडे वळवता येते का, येत असल्यास कसे आणि त्यात कोणत्या गोष्टी टाळाव्यात, याचा विचार आपण करू.

प्रश्न किती गंभीर आहे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) आपल्या देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या सुमारे ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे तीन मुलांपैकी दोन. यात केवळ गरिबाघरची मुले आहेत, असा समज कोणी करून घेऊ नये. खाऊचा डबा कधी रिकामा नसलेल्या घरांतील मुलेही दवाखान्यात फिकट चेहऱ्याने येतात. त्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात : पोट साफ होत नाही, लवकर दमतो, अभ्यासात लक्ष लागत नाही, दात किडले आहेत. काहींचे वजन वयाच्या मानाने कमी असते, तर काहींचे बरेच जास्त. पोट भरलेले असूनही पोषण झालेले नाही, हे या सर्वांमधील साम्य होय.

सकस अन्न म्हणजे महागडे अन्न नव्हे. शेतातून आणि गोठ्यातून आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येताना ज्याचे रूप फारसे बदललेले नाही, ते अन्न, एवढा साधा अर्थ घ्यावा. ज्वारी-बाजरी-नाचणीची भाकरी, कोंड्यासकट दळलेल्या गव्हाची पोळी, वरण, मोड आलेल्या मटकीची उसळ, पालेभाजी, ताक, अंडे, मासे, भाजलेले शेंगदाणे, पेरू, केळे, बोरे हे सगळे त्यात आले. मैदा, साखर, तेल आणि मीठ यांच्या मिश्रणातून कारखान्यात तयार झालेला खाऊ त्यात बसत नाही, मग त्याच्या वेष्टनावर गव्हाची ओंबी छापलेली असली तरीही.

पोपाय आणि पालक

अन्नासाठी राबलेला सर्वांत प्रसिद्ध कथानायक म्हणजे पोपाय हा खलाशी. ई. सी. सेगर या अमेरिकन चित्रकाराच्या ‘थिंबल थिएटर’ या चित्रमालिकेत तो जानेवारी १९२९ मध्ये पहिल्यांदा अवतरला आणि १९३३ पासून हलत्या चित्रपटांत दिसू लागला. संकटात सापडला की पालकाचा डबा फोडायचा, तो घशात रिकामा करायचा आणि मग शत्रूला लोळवायचे, ही त्याची रीत आपल्यापैकी अनेकांच्या मुलांनी दूरदर्शन संचावर पाहिली असेल. टेक्सास राज्यातील क्रिस्टल सिटी या पालक पिकवणाऱ्या गावाने १९३७ मध्ये त्याचा पुतळाच उभारला.

पालकात लोह अपरंपार असते ही समजूत पोपायला चिकटली आहे. ती दशांशचिन्हाच्या एका चुकीतून पसरली, अशी कथाही वर्षानुवर्षे सांगितली जाते. मात्र तिचा माग काढणाऱ्यांना तिला भक्कम आधार सापडलेला नाही. मूळ चित्रमालिकेत तर पोपायने पालकाचे श्रेय लोहाला न देता ‘अ’ जीवनसत्त्वाला दिले होते. वस्तुस्थिती अशी : १०० ग्रॅम कच्च्या पालकात साधारण तीन मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते. हे प्रमाण वाईट नाही. पण पालकातील ऑक्झलेट आणि तत्सम घटकांमुळे त्यातला थोडाच भाग शरीरात शोषला जातो. भाजीवर लिंबू पिळले किंवा जेवणानंतर पेरूची फोड दिली, तर ‘क’ जीवनसत्त्वामुळे हे शोषण सुधारते. जेवणाबरोबर चहा घेतला तर ते घटते. तेव्हा नातवाला पोपायची गोष्ट जरूर सांगावी; मात्र गोष्टीतल्या डब्याबरोबर आपल्या ताटातले लिंबूही विसरू नये.

वेष्टनावरचा नायक कोणासाठी काम करतो?

नायकाच्या चित्राची ताकद किती असते, हे येल विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये तपासले. चार ते सहा वर्षांच्या चाळीस मुलांना एकच खाऊ दोन वेष्टनांतून दिला; एका वेष्टनावर ओळखीचे कार्टून पात्र होते, दुसरे कोरे होते. आतील पदार्थ तोच असूनही पुष्कळ मुलांनी चित्राच्या वेष्टनातला खाऊ अधिक चवदार असल्याचे सांगितले. गोड जेली आणि बिस्किटांच्या बाबतीत हा परिणाम ठळक होता, गाजरांच्या बाबतीत मात्र क्षीण. याचा अर्थ आपण नीट ध्यानात घ्यावा : नायकाचे नुसते चित्र गोड खाऊ सहज खपवते, भाजी खपवायला मात्र नुसते चित्र पुरत नाही.

चिली या देशाने यावरून धडा घेतला. तेथे जून २०१६ पासून साखर, मीठ, मेद किंवा उष्मांक ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असलेल्या पदार्थांच्या वेष्टनांवर मुलांना भुरळ घालणारी कार्टून पात्रे छापण्यास मनाई झाली. आपल्या घरातही असा छोटासा कायदा करता येईल. डाळी-दाणे-लाह्या दुकानातून आणल्यावर साध्या बरण्यांत भरून ठेवाव्यात आणि खाऊची रंगीत पुडकी मुलांच्या नजरेच्या उंचीवरून हलवावीत. याला कोणताही वाद घालावा लागत नाही.

नायक उपयोगी पडतो, पण एकटा नाही

वेल्समधील बँगर विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी शाळकरी मुलांसाठी ‘फूड ड्यूड्स’ नावाचा उपक्रम तयार केला. त्यात फळे आणि भाज्या खाऊन बळ मिळवणारी काही मुले नायक आहेत. जगातील फळे-भाज्या नष्ट करून माणसांची शक्ती हिरावून घेऊ पाहणाऱ्या ‘जनरल जंक’ नावाच्या खलनायकाशी ती लढतात. शाळेत सोळा दिवस मुलांना त्यांच्या चित्रफिती दाखवल्या जात, नायकांची पत्रे वाचून दाखवली जात, रोज फळ आणि भाजी चाखायला मिळे आणि चाखल्याबद्दल पेन्सिल, चिकटचित्रे अशी किरकोळ बक्षिसे असत. आयर्लंडमध्ये हा उपक्रम अनेक शाळांत राबवण्यात आला. पहिल्या काही महिन्यांत मुलांचे फळे-भाज्या खाणे वाढल्याचे दिसले. मात्र इंग्लंडमधील पाहणीत वर्षभरानंतर तो फरक टिकलेला आढळला नाही.

बँकॉकमधील महिडोल विद्यापीठाच्या संशोधकांनी बालवाडीतील चार-पाच वर्षांच्या २६ मुलांसोबत असाच एक लहान प्रयोग केला आणि त्यानंतर मुले अधिक भाज्या खाऊ लागल्याचे नोंदवले. बातम्यांमध्ये गाजला तो पोपाय, कारण मुलांना पोपायची कार्टून दाखवली होती. परंतु त्याच काळात मुलांनी भाज्यांचे बी पेरले, भाजीचे सूप करण्यात हात लावला, निरनिराळी फळे-भाज्या चाखल्या आणि शिक्षक त्यांच्याबरोबर जेवायला बसले. यश एकट्या पोपायचे नव्हते.

या विषयावरील प्रत्येक बातमीवर विश्वास ठेवू नये, असेही सांगणे भाग आहे. सफरचंदावर ‘एल्मो’ या पात्राचे चिकटचित्र लावताच शाळेतील मुले बिस्किटाऐवजी सफरचंद उचलतात, असा एक अमेरिकन शोधनिबंध २०१२ मध्ये जगभर गाजला. पुढे त्यात चुका आढळल्या. आठ ते अकरा वर्षांची म्हणून सांगितलेली मुले प्रत्यक्षात तीन ते पाच वर्षांची होती, असेही उघड झाले आणि २०१७ मध्ये तो निबंध मागे घेण्यात आला. तेव्हा कोणतेही चित्र जादू करील, अशी अपेक्षा नको.

‘खा, म्हणजे ताकद येईल’ हे वाक्य

आपण सारे हे वाक्य सहज बोलतो. तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांना एका मुलीची गोष्ट सांगण्यात आली. काही मुलांना सांगितले की तिने खाऊ खाल्ला आणि तिला ताकद आली. काहींना सांगितले की तिला तो चविष्ट लागला. काहींना कारणच सांगितले नाही. ताकदीची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी तो खाऊ कमी खाल्ला. लहान मुलाचा तर्क सरळ असतो : जे औषधासारखे गुणकारी, ते औषधासारखे बेचव असणार.

याच्या जोडीला स्टॅनफर्ड विद्यापीठातील २०१३ चा एक अभ्यास ठेवावा. तेथे बालवाडीच्या मुलांसाठी चित्रांची पाच पुस्तके तयार केली. निरनिराळ्या अन्नात निरनिराळे घटक असतात आणि शरीराला वेगवेगळ्या कामांसाठी ते सगळे लागतात, हे त्यांत समजेल अशा रीतीने सांगितले होते. ती पुस्तके ऐकलेली मुले मधल्या खाण्याच्या वेळी अधिक भाज्या घेऊ लागली. म्हणजे मुलाला धमकीवजा ‘ताकद’ नको असते, पण ‘कसे काय?’ या प्रश्नाचे खरे उत्तर त्याला हवे असते. नायकाच्या गोष्टीत चवीचे वर्णन भरपूर असावे, उपदेश थोडका असावा आणि मुलाने विचारलेच तर उत्तर खरे असावे.

आपल्याच गोष्टींमधले नायक

यासाठी परदेशी पात्रे शोधत बसण्याची गरज नाही. आपल्या पोतडीत पुरेसे साहित्य आहे.

लेकीच्या घरी जाऊन धष्टपुष्ट होऊन भोपळ्यात बसून परतणारी म्हातारी घ्या. वाघ-कोल्ह्यांना चकवणारी ही नायिका वयाने आपल्याएवढी आहे, हे विशेष. लाल भोपळ्याला नाक मुरडणाऱ्या मुलाला आधी अख्खा भोपळा दाखवावा, त्यावर हात फिरवू द्यावा, म्हातारी यात कशी बसली असेल हे विचारावे, बिया काढू द्याव्यात. मग त्याच भोपळ्याचे भरीत किंवा घारगे करावेत. भोपळ्याच्या त्या केशरी रंगात शरीरात ‘अ’ जीवनसत्त्वात रूपांतरित होणारे कॅरोटिन असते, ही माहिती आपल्यासाठी. मुलासाठी म्हातारी पुरे.

महाभारताच्या वनपर्वातील द्रौपदीच्या थाळीची कथा पालेभाजीसाठी सोन्यासारखी आहे. दुर्वास ऋषी शिष्यांसह अवेळी येतात, थाळीत काही उरलेले नसते आणि श्रीकृष्ण थाळीला चिकटलेले भाजीचे एक पान खाऊन तृप्त होतो. मुलाला एवढेच म्हणावे, ‘तू एकच पान चाख.’ नावडत्या भाजीचा एक कणभर घास हे मुलासाठी पेलणारे आव्हान असते. भरलेली वाटी नव्हे.

भीमाचे म्हणाल तर नातवंडांना बहुधा २००८ पासून दूरचित्रवाणीवर आलेला ‘छोटा भीम’ माहीत असतो आणि त्याला लाडू खाल्ल्यावर बळ येते, हेही. त्यावर चिडू नये. शेंगदाणा-गुळाचा, राजगिऱ्याचा किंवा नाचणीचा लहान लाडू आपण मुलाच्या हातानेच वळून घ्यावा आणि जेवणानंतर एकच द्यावा. गूळ झाला तरी ती साखरच आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, त्यामुळे वाढत्या हाडांसाठी ती फार मोलाची. आणि मग मूळ भीमाची एक गोष्ट सांगावी, जी कार्टूनमध्ये नाही : अज्ञातवासाच्या वर्षी तो बल्लव हे नाव घेऊन विराट राजाच्या मुदपाकखान्यात आचारी झाला होता. जगातला सर्वांत बलवान वीर वर्षभर स्वयंपाक करतो, ही कल्पना मुलग्यांना विशेष भावते. त्यांना ‘बल्लव’ म्हणून हाक मारून मटार सोलायला, मेथी निवडायला, मटकीला मोड आले का ते पाहायला बसवावे. स्वतः निवडलेली भाजी मुले अधिक कुतूहलाने चाखतात, हे आपणही पाहिले असेल.

थोड्या मोठ्या मुलांसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे. तो काही पहिलवान नाही, किडकिडीत मुलगा आहे. त्याची करामत चपळाईत आणि डोक्यात. त्याच्या पुस्तकांत आपण उपदेश घुसडू नये. मात्र पुस्तक वाचून झाल्यावर विचारावे, ‘फुरसुंगीहून सायकलवर निघताना त्याने शिदोरीत काय घेतले असेल?’ उत्तर मुलाला देऊ द्यावे आणि रविवारी तीच शिदोरी बांधून त्याच्याबरोबर टेकडीवर किंवा बागेत जावे.

नावडीचा नायकही कामाचा असतो. शिनचॅन या जपानी पात्राला ढोबळी मिरची मुळीच आवडत नाही. नातू त्याचे अनुकरण करत असेल, तर ‘शिनचॅनला जे जमले नाही, ते आपण दोघे करून पाहू’ असे म्हणून आधी आजोबांनी एक तुकडा खावा.

एक इशारा : छत्रपती शिवाजी महाराजांसारख्या ऐतिहासिक व्यक्तींच्या तोंडी आपल्या सोयीची वाक्ये घालू नयेत. मूल मोठे होते, वाचू लागते आणि मग आजीच्या इतर शब्दांवरचाही त्याचा विश्वास डळमळतो. कल्पना करायची तर कल्पित पात्राविषयी करावी.

एका घरातला अनुभव

एक आजीबाई सहा वर्षांच्या नातवाला घेऊन माझ्याकडे येत. त्याचे हिमोग्लोबिन ९.४ होते, या वयात ते ११.५ पेक्षा कमी असू नये. तो दिवसभरात जवळजवळ लिटरभर दूध, त्यात चॉकलेटी पावडर, आणि बिस्किटे यांवर राहत असे. दुधात लोह नगण्य असते आणि पोट दुधानेच भरले की जेवणाला जागा उरत नाही. आजीबाईंची खंत वेगळीच होती : ‘मी त्याला उपाशी ठेवते, असे सुनेला वाटायला नको, म्हणून मी मागेल ते देते.’ अनेक घरांत खाऊमागे हीच भीती असते आणि ती बोलून दाखवली जात नाही.

आम्ही सुनेलाही बोलावले. दूध अर्ध्या लिटरच्या आत आणायचे, बिस्किटे घरात आणायचीच नाहीत आणि तिघांनी एकच नियम पाळायचा, असे ठरले. लोहाचे औषध सुरू केले. आजीबाईंनी रोज संध्याकाळी म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट स्वतःच रचून पुढे नेली. म्हातारी रोज नव्या गावी जाई आणि तेथे नवी भाजी भेटे. पहिले दोन आठवडे नातवाने गोष्ट ऐकली आणि भाजी बाजूला सारली. तिसऱ्या आठवड्यात त्याने भोपळ्याचा घारगा खाल्ला, पुढे मेथीचा ठेपला, मग मुगाची उसळ. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.८ झाले. ते मुख्यतः औषधाने झाले, हे मी आजीबाईंना स्पष्ट सांगितले. पण औषध थांबवल्यावर ते टिकले, ते ताट बदलल्यामुळे; आणि ताट बदलण्यात त्या म्हातारीचा वाटा मोठा होता.

कसे करावे?

वयानुसार थोडा फरक करावा.

दोन ते पाच वर्षे : या वयात नव्या चवीला नकार देणे हा स्वभावच असतो, तो हट्ट समजू नये. एखादी भाजी पसंत पडण्याआधी ती आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा समोर यावी लागते. आपण बहुधा तिसऱ्या वेळेलाच ‘याला आवडत नाही’ असे जाहीर करतो. भाजी ताटात येण्यापूर्वी चित्रात किंवा गोष्टीत भेटली, तर तिची अनोळख कमी होते. गोष्ट छोटी असावी, रोज तीच असली तरी चालते.

सहा ते दहा वर्षे : मुलाला गोष्टीत भूमिका द्यावी. बाजारात न्यावे, आठवड्याची एक भाजी त्याने निवडावी, गच्चीवर किंवा खिडकीत कुंडीत मेथी पेरावी. एका भाजीसाठी एक चौकट असा तक्ता भिंतीवर लावून चाखलेल्या भाजीपुढे खूण करू द्यावी. किती खाल्ले याची नोंद नको, चाखले एवढीच पुरे.

अकरा वर्षांपुढे : या वयात आजीच्या गोष्टीतला नायक चालत नाही आणि तसा प्रयत्न केल्यास मूल अवघडते. येथे त्याच्या आवडत्या मालिकेविषयी, खेळाविषयी त्याच्याकडून ऐकावे. त्यातले पात्र काय खाते, जाहिरात करणारे कोण आणि पैसे कोणाला मिळतात, असे प्रश्न समवयस्काला विचारावेत तसे विचारावेत. आपण कोणाच्या तरी विक्रीचे साधन होत आहोत, हे किशोरवयीन मुलांना मुळीच रुचत नाही. ते त्यांचे त्यांना उमजू द्यावे.

काय टाळावे?

‘भाजी संपव, मग चॉकलेट’ हा सौदा करू नये. त्यातून भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस, हाच धडा मिळतो. बक्षीस द्यायचेच तर ते खाण्याचे नसावे. एक जादा गोष्ट हे सर्वांत स्वस्त आणि उत्तम बक्षीस.

खलनायक अन्नाचा असू द्यावा, शरीराचा नव्हे. जाड्या पात्राला दुष्ट किंवा खादाड ठरवणाऱ्या गोष्टी सांगू नयेत. स्थूल मूल ती गोष्ट स्वतःविषयीच ऐकते.

गोष्टीसाठी जेवताना मोबाइल लावू नये. पडद्यात गुंतलेल्या मुलाला चवही कळत नाही आणि पोट भरल्याची जाणीवही होत नाही. गोष्ट आपल्या तोंडून यावी.

मूल बसलेलेच असावे आणि तोंडात घास असताना त्याला खदखदून हसवू नये. घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. याच कारणाने चार-पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे किंवा कच्च्या गाजराचे तुकडे देऊ नयेत. दाण्यांचा कूट, द्राक्षाच्या उभ्या फोडी, किसलेले गाजर द्यावे.

आपले ताट

नातवंडांसमोरचा पहिला नायक पुस्तकात नसतो, तो शेजारच्या पाटावर बसलेला असतो. आजोबा स्वतः भाजी बाजूला काढून लोणच्याबरोबर भात खात असतील, तर पोपाय निष्प्रभ होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी रोज किमान ४०० ग्रॅम फळे आणि भाज्या खाव्यात. ते आपल्यालाही लागू आहे.

मात्र उत्साहाच्या भरात काही काळजी घ्यावी. आपण वॉरफॅरिन किंवा तत्सम रक्त पातळ करणारी गोळी घेत असाल, तर पालक-मेथीसारख्या पालेभाज्यांचे प्रमाण एकाएकी वाढवू किंवा घटवू नये. त्यातील ‘के’ जीवनसत्त्वामुळे गोळीचा परिणाम बदलतो. पालेभाजी सोडण्याची गरज नसते, प्रमाण दर आठवड्याला सारखे ठेवावे आणि डॉक्टरांना सांगावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास फळे-भाज्यांतील पोटॅशियम आणि मुतखड्याचा त्रास असल्यास पालकातील ऑक्झलेट यांविषयी आपल्या डॉक्टरांना विचारूनच बदल करावा. मधुमेह असेल तर नातवाबरोबर लाडूचा घास वाटून घेण्याऐवजी पेरूची फोड वाटून घ्यावी. संत्र्याच्या कितीतरी पट ‘क’ जीवनसत्त्व त्यात असते. कवळी असल्यास भाजी मऊ शिजवावी, पेरू किसून घ्यावा. पण सोडू नये.

मुलाचे वजन वाढत नसेल किंवा घटत असेल, चेहरा फिकट दिसत असेल, माती-खडू खाण्याची सवय असेल, गिळताना त्रास होत असेल, वारंवार शौचाला कडक होत असेल किंवा खाण्यातले पदार्थ मोजकेच उरले असतील, तर गोष्टींवर विसंबून न राहता डॉक्टरांना दाखवावे. लोहाच्या कमतरतेला भोपळ्याची गोष्ट हे औषध नाही.

बाकी घरांत सुरुवात फार लहान असू द्यावी. या आठवड्यात एक भाजी, तिच्यासाठी एक गोष्ट, आणि रोज एक कणभर घास. सुनेला किंवा लेकीला आधी विश्वासात घ्यावे, म्हणजे एका घरात दोन नियम होणार नाहीत. पहिल्या आठवड्यात घास परत आला, तर दुसऱ्या आठवड्यात तीच भाजी निराळ्या रूपात पुन्हा वाढावी, आणि म्हातारीला पुढच्या गावी न्यावे.